कोणाचा बार

तांपेरे, १४ ऑक्टोबर

ताइस्तोमामा,

एस्कोकाका काल तुमची रायफल घेऊन आले होते. ते जे म्हणाले ते खाली क्रमानं लिहिते. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

१. शनिवारी सकाळी तुम्ही दलदलीच्या कडेला, तुमच्या नेहमीच्या ठिय्यावर होता.
२. कुत्र्यानं एक एल्क मादी उठवली. ती तुमच्यासमोर साधारण ऐंशी मीटरवर येऊन आडवी उभी राहिली.
३. तुम्ही एक बार काढला. मादी जागच्या जागी कोसळली.
४. तुम्ही रेडिओवर सांगितलंत, की पडली.
५. मादी उठली आणि झाडीत गेली. तुम्ही दुसरा बार काढला नाही.
६. मंडळी अंधार पडेपर्यंत मागावर होती. तळ्यापलीकडे ती वेसाला सापडली. त्यानं संपवली.
७. तुमची गोळी कण्याच्या वर, वशिंडात लागली होती.
८. रविवारी तुम्ही रायफल एस्कोकाकांच्या हवाली केलीत आणि मला निरोप दिलात, की ही विकून टाक.

पहिले सात मुद्दे मला कळतात. कण्याच्या वरच्या हाडाला गोळी चाटून गेली की जनावर हादरून बसतं आणि थोड्या वेळानं उठतं. आठवा कळत नाही.

एस्कोकाका म्हणाले, ताइस्तोचे डोळे गेले. शिकार मंडळात सगळ्यांचं हेच मत आहे. २८ नोव्हेंबरच्या बैठकीत तुमचा ठिय्या दुसऱ्याला द्यायचा का, ते ठरेल, असंही ते म्हणाले. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी तुमच्या नळीला आटे पाडून सायलेन्सर बसवला, आणि या ऑगस्टमध्ये आमच्या कारखान्यातल्या चाचणीच्या बोगद्यात रायफल पुन्हा जुळवून दिली. त्यानंतरच्या नेमबाजीच्या परीक्षेत तुमच्या चारही गोळ्या वर्तुळात होत्या. दोन महिन्यांत डोळे इतके जात नाहीत. म्हणून रायफल मी विकलेली नाही. तपासणार आहे. त्यासाठी तीन गोष्टी हव्यात. नेम कुठे धरला होता? सायलेन्सर घट्ट बसवलेला होता का? आणि मादी उठत असताना दुसरा बार का काढला नाहीत?

हे फोनवर विचारत नाही, कारण फोनवर तुम्ही सगळ्यालाच हो म्हणता.

पिह्ला


कोर्पिलंपी, २० ऑक्टोबर

पोरी,

तुझं पत्र उघडलं आणि वाटलं, आलं पोलिसांचं बोलावणं. आठ मुद्दे आणि वर तीन प्रश्न. तुझी आई बरी होती. तिला राग आला की ती पातेलं आपटायची आणि मोकळी व्हायची.

घे तुझी उत्तरं. नेम नेहमीचाच, पुढच्या पायाच्या मागे आणि जरा वर. आमच्या बापानं शिकवलेला, खांद्याचं मांस फुकट जाऊ नये म्हणून. तुझं ते डबडं घट्ट बसवलेलं होतं, तू दाखवलंस तसं. दुसरा बार काढला नाही, कारण बोटं गारठली होती. झालं समाधान?

आता उगाच रायफलीला दोष देऊ नकोस. ती माझ्याहून धड आहे. घोड्याएवढं जनावर ऐंशी मीटरवर आडवं उभं राहिलं आणि मला साधलं नाही, यात तपासायचं काय आहे? डोळे गेले. एस्को म्हणतो म्हणजे गेले.

मंडळी चांगली वागली. तेच जड गेलं. कोणी ओरडलं असतं तर मीही ओरडलो असतो. वाटणीच्या दिवशी नेहमीसारखे मांसाचे ढीग मांडले. एस्कोची हेल्मी ढिगांकडे पाठ करून उभी राहिली. एस्को एकेका ढिगावर काठी टेकवून विचारायला लागला, हा कोणाचा? न बघता नाव घ्यायचं, म्हणजे कोणी रुसायला नको. तर पहिल्याच ढिगाला हेल्मीनं माझं नाव घेतलं. इतक्या वर्षांत माझं नाव कधी पहिलं आलेलं नाही. आणि ढीग सगळ्यात मोठा होता, वर काळीजही ठेवलेलं. बाकीचे सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. आजाऱ्याच्या घरी सूप नेऊन देतात ना, तसा मी तो ढीग पिशवीत भरला.

त्यांनी बैठकीत म्हणायच्या आत मीच एस्कोला सांगून टाकणार आहे, की ठिय्या घ्या कोणाला हवा तर. वेसाचा जावई कधीपासून वाट बघतोय. मला म्हणे गाडीत बसून रस्त्यावर लक्ष ठेवायला ठेवतील. त्या रस्त्यावरून दिवसाकाठी एक दुधाची गाडी जाते. तिच्यावर लक्ष ठेवीन.

बाकी ठीक. दिवस आखडलेत. संध्याकाळी बातम्या ऐकतो, म्हणजे लावून ठेवतो. तुझ्याकडे गरम मोजे आहेत ना? तुझी मामी गेल्यापासून विणणारं घरात कोणी नाही, पण ट्रंकेत अजून दोन जोड आहेत. पाठवू?

तुझा मामा


तांपेरे, २७ ऑक्टोबर

मामा,

मोजे पाठवा.

चाचणी पूर्ण झाली. शंभर मीटरवर सायलेन्सर घट्ट बसवून पाच गोळ्या मारल्या. पाचही काडेपेटीखाली झाकतील इतक्या जवळ, आणि मधोमध. म्हणजे रायफल चांगली आहे आणि सायलेन्सरही चांगला आहे.

तुम्ही त्याला डबडं म्हणता, म्हणून थोडं लिहिते. सायलेन्सरनं गोळीचा जोर जातो किंवा नेम बिघडतो, असं तुमच्या वयाचे बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही. बार निघताना नळी थरथरते, मासा लागल्यावर गळाची काठी थरथरते तशी, फक्त डोळ्यांना दिसत नाही. टोकाला वजन अडकवलं की थरथर बदलते, आणि गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचं तोंड वेगळ्या जागी असतं. म्हणून गोळी वेगळ्या जागी लागते. पण दर वेळी त्याच वेगळ्या जागी लागते. तिथे दुर्बीण जुळवून घेतली की काम झालं. धक्का कमी बसतो, माणूस दचकत नाही, त्यामुळे गोळ्यांचा झुबका बहुतेकदा लहानच होतो. अट एवढीच, की सायलेन्सर दर वेळी तसाच घट्ट बसायला हवा.

म्हणून पुढे मी तो अर्धा आटा सैल करून पाहिला. गोळ्या थाळीभर पसरल्या. त्यांतली एक जवळजवळ तुमच्या गोळीइतकी वर गेली. शिवाय तुमच्या नळीच्या आट्यांवर काजळी आहे. सायलेन्सर घट्ट असता तर आटे स्वच्छ राहिले असते. फटीतून वायू मागे आला, तरच तिथे अशी काजळी धरते.

तुम्ही लिहिलंत, की तो घट्ट बसवलेला होता. तेव्हा तो बार काढताना सैल झाला, असंच म्हणावं लागतं. म्हणजे आटे नीट नव्हते. मी ते पुन्हा मोजले. माप मर्यादेत आहे, पण अगदी काठावर.

ते आटे मी पाडले होते. म्हणून शुक्रवारी वरिष्ठांना तसं लेखी दिलं आहे. गेल्या वर्षीपासून माझ्या हातून गेलेल्या सगळ्या नळ्या परत मागवून तपासल्या जातील. तोपर्यंत मला लेथवर काम नाही, मी गोदामात खोकी मोजते आहे. हे बरोबरच आहे. कोणाच्या तरी हातून मादी दिवसभर जखमी फिरली, तर तो हात कोणाचा हे ठरायला हवं.

पुढच्या आठवड्यात एस्कोकाकांना पत्र टाकते. दोष कामाचा होता, तुमच्या डोळ्यांचा नव्हता, एवढंच त्यात असेल. त्याआधी ठिय्या सोडू नका.

पिह्ला


कोर्पिलंपी, २ नोव्हेंबर

पिह्ला,

ते लेखी दिलेलं परत घे. आजच. एस्कोला पत्र टाकू नकोस.

तुझे आटे उत्तम आहेत. त्या दिवशी डबडं नळीवर नव्हतंच. ठिय्यावर बसल्यावर मीच ते काढलं, लोकरी मोज्यात गुंडाळलं आणि पाव ठेवतो त्या पिशवीत टाकलं. मला वाटलं होतं, काढलं तर आवाज तेवढा मोठा होईल, दुसरं काय होणार. ऑगस्टमध्ये तू फोनवर त्याबद्दल काहीतरी सांगत होतीस. मी हो म्हणालो होतो. आता कळतंय कशाला.

का काढलं, ते तू विचारणार. विचारायच्या आत सांगतो, म्हणजे एक पत्र वाचेल.

गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी एक नर माझ्या आणि वेसाच्या मधून निघाला. मी बार काढला. तो चार पावलं चालला, तेवढ्यात वेसानंही काढला, आणि नर पडला. मी रेडिओवर सांगितलं. पलीकडून कोणी काही बोललं, पण मला नुसती खरखर ऐकू आली. चिखल तुडवत तिथे पोचलो, तर सगळे वेसाच्या पाठीवर थापा मारत होते. वेसानं मला बघितलं आणि म्हणाला, “काय ताइस्तोकाका, डुलकी लागली होती का? तुमच्या नाकासमोरून गेला की.”

मी म्हणालो, “काय करणार, थर्मासात कॉफीच संपली होती.”

सगळे हसले. मीही हसलो. सोलताना दोन भोकं निघाली. एस्को म्हणाला, वेसानं दोन काढले वाटतं. वेसा गप्प राहिला. आणि मी तरी काय बोलणार होतो, कॉफीचं सांगून बसलो होतो ना. घरी येऊन वाटाण्याचं सूप गरम केलं आणि जेवलो.

पूर्वी असं होणं शक्य नव्हतं. पूर्वी प्रत्येकाचा बार वेगळा होता. एस्कोच्या बापाचा जड, धान्याचं पोतं टाकल्यासारखा. वेसाच्या बापाचा कोरडा. माझी नळी आखूड, म्हणून माझा सगळ्यांत भसाडा. दलदलीवरून तीनदा घुमायचा. रेडिओ नव्हते, पण मी जनावरापाशी पोचायच्या आत दूरच्या ठिय्यावरचा माणूससुद्धा म्हणालेला असायचा, “ताइस्तो जेवला.” नंतर शेकोटीपाशी मला ते ऐकवायचे. आता सगळ्यांच्या नळ्यांना डबडी. कोणीही बार काढला तरी एकच टाळी वाजते, आणि ती कुठून आली तेही कळत नाही. मग रेडिओवर विचारपूस करायची, आणि तो रेडिओ मला ऐकू येत नाही. तू डबडं दिलंस ते माझे कान जपायला. वाईट वाटून घेऊ नकोस, पण जपायला फारसं काही उरलं नव्हतं.

तर या वर्षी म्हटलं, एकदा वाजू दे. ऐकू दे सगळ्यांना.

वाजला. मादी पडली, आणि बार दलदलीवरून घुमत गेला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदाही. मला ऐकू आला, पोरी. मी ते ऐकत उभा राहिलो. तू विचारलंस ना, दुसरा का काढला नाही. बोटं गारठली नव्हती. ती उठत होती आणि मी ऐकत होतो.

हे तुझ्यामाझ्यात. डोळे गेले म्हटलं की लोक दार उघडून धरतात, हात धरून पायरी उतरवतात. हे सांगितलं तर कोण काय करणार? हेल्मी रडेल. एस्को छताकडे बघेल. त्यापेक्षा आंधळा बरा. मी परवा एस्कोकडे जाऊन ठिय्या सोडतो म्हणून सांगणार होतो, पण त्याच्याकडे पाहुणे होते, म्हणून परत आलो.

मोजे सोबत आहेत. हिरवे तुझ्या आईनं विणलेले.

मामा


तांपेरे, ९ नोव्हेंबर

ताइस्तोमामा,

मोजे मिळाले. हिरवे घातले आहेत.

वरिष्ठांना मी कळवलं आहे, की माझा निष्कर्ष चुकला होता. काजळी सैल सायलेन्सरमुळेही धरते आणि नुसत्या उघड्या नळीमुळेही. मी पहिलं कारण धरलं आणि दुसरं तपासलंच नाही, कारण तुम्ही घट्ट होता म्हणून लिहिलं होतंत. उद्यापासून मी पुन्हा लेथवर आहे.

राहिलेली चाचणी शुक्रवारी केली. सायलेन्सर काढून पाच गोळ्या मारल्या. झुबका तेवढाच लहान आला, पण शंभर मीटरवर नऊ सेंटिमीटर वर आणि चार उजवीकडे. ऐंशी मीटरवर साधारण सात आणि तीन होतात. तुमचा नेम मुळातच वरचा. त्याच्या वर सात सेंटिमीटर म्हणजे वशिंडातलं हाड. मादी कोसळली आणि उठली, ते यामुळेच. तुम्ही जिथे बघितलंत तिथेच रायफल रोखलेली होती. तुमच्या डोळ्यांत काही दोष नाही आणि हातही स्थिर आहे.

मादीचे हाल झाले ते तुमच्यामुळे. हे मी सौम्य करून लिहिणार नाही, आणि तुम्हालाही ते नको असेल.

एस्कोकाकांसाठी मी हे तयार केलं आहे:

“रायफल ऑगस्टमध्ये सायलेन्सरसह जुळवलेली होती. ११ ऑक्टोबरचा बार सायलेन्सरशिवाय काढला गेला. तसं केल्यास या रायफलीची गोळी ऐंशी मीटरवर सात सेंटिमीटर वर लागते. हे चाचणीत दिसलं आहे. सायलेन्सर लावून रायफल अचूक आहे, आणि ऑगस्टमधल्या परीक्षेनुसार ती चालवणाराही.”

यात कारण नाही. प्रश्न होता तो गोळी वर का गेली हा, आणि त्याचं उत्तर यात पूर्ण आहे. एस्कोकाका बहुधा समजतील, की सायलेन्सरमध्ये बर्फ अडकलं म्हणून तुम्ही तो काढला. त्यांनी तसं समजून घेतलं तर मी दुरुस्त करायला जाणार नाही. माझ्याकडून इतकंच होईल. यापेक्षा जास्त खोटं मला जमत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या वर्षीच्या नराबद्दल काय करायचं, ते तुम्ही आणि वेसा बघा. माझं मत विचारलंत, तर आपण एकच बार काढला होता, हे त्याला ठाऊक नसणं शक्य नाही.

सोबतच्या खोक्यात कानांवर घालायचा टोप आहे. तुमचा रेडिओ त्याला तारेनं थेट जोडता येतो, म्हणजे बोलणं कानातच येईल. आवाज वाढवायचं बटण डाव्या कानावर आहे. घरात बातम्या लावून तपासून बघा. नुसत्या लावून ठेवू नका.

मी बोगद्यात काम करते. दोन जाड दारं लावून घ्यावी लागतात, आणि सहकारी काचेपलीकडून हातानं खुणा करतात. सायलेन्सर किती आवाज गिळतो ते मी मोजते. शुक्रवारी दुपारी बोगदा बंद केला की सोमवारपर्यंत मी कोणाशी बोललेली नसते. ही तक्रार नाही. तुमच्या पत्रातलं जे हेल्मीकाकूंना कळणार नाही असं तुम्ही म्हणता, ते मला का कळलं, एवढंच सांगते आहे.

आणखी एक. हे तुम्हाला कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. शिकारीच्या दिवसांत आई ओट्याशी उभी असायची आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायची. थंडी आत यायची म्हणून मी कुरकुर करायची. दलदलीकडून बार ऐकू आले तरी ती मान वर करायची नाही. मग एखादा यायचा आणि ती म्हणायची, “हा आपला ताइस्तो.” खिडकी लावायची आणि बटाटे चढवायची. तुम्ही दारात यायच्या वेळी ते शिजलेले असायचे. मी बरीच मोठी होईपर्यंत मला वाटायचं, की बटाट्यांना तेवढाच वेळ लागतो.

तुमचा बार मीही ओळखते. बोगद्यात शुक्रवारी सायलेन्सर काढून पहिली गोळी मारली, तेव्हाच ओळखला. त्यानंतर थोडा वेळ काही नोंदवलं नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये मी परीक्षेला बसणार आहे. तुमच्या डावीकडचा ठिय्या रिकामा असेल, तर एस्कोकाकांना मी स्वतः विचारीन. तुमचा ठिय्या तुमच्याकडे राहिला, तरच विचारण्यात अर्थ आहे.

बैठक २८ नोव्हेंबरला आहे. निवेदन मी तुमच्या होकाराशिवाय पाठवणार नाही. तुम्ही नाही म्हणालात किंवा काहीच कळवलं नाहीत, तर ते माझ्याकडे राहील आणि तुमचे डोळे गेले, हेच सगळे धरून चालतील. रायफल दोन्ही बाबतींत मी विकणार नाही.

तुमच्याकडे टपाल आता रोज निघत नाही, हे लक्षात ठेवून उत्तर टाका. ते २० नोव्हेंबरपर्यंत माझ्या हातात पडायला हवं. पाठव किंवा पाठवू नकोस, एवढंच लिहिलंत तरी चालेल.

पिह्ला